मामाचे दात

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी बारावीच्या प्रॅक्टिकलच्या वह्या तपासत बसले होते. प्रशांत म्हणजे माझा मामेभाऊ. "ताई, पप्पा गेले," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मी त्याला समजावलं, जवळ कोण कोण आहे ते विचारलं, मामीशी दोन शब्द बोलले... सगळं रीतसर केलं. मग फोन ठेवला आणि उरलेल्या वह्या तपासून संपवल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण वर्तमानपत्राच्या या पानावर, गेलेल्या माणसांबद्दल जे छापून येतं ते वाचून मला नेहमी वाटतं की जगात फक्त चांगलीच माणसं मरत असावीत. दत्तूमामाला जाऊन आता काही आठवडे झाले. त्याच्यावर दोघातिघांचं लिहूनही झालं. 'जालन्याच्या खिडक्यांना रंग देणारा माणूस' असं एकाने लिहिलं, आणि ते खोटं नाही. पण मी त्याची सख्खी भाची, त्याच्या कारखान्यात काम केलेली, आणि मला जे ठाऊक आहे ते कुणीच लिहिलेलं नाही. समोर असताना मी मामाला कायम अहो-जाहो केलं. इथे एकेरीत लिहिणार आहे. ज्यांना ते खटकेल त्यांनी आधीचे लेख पुन्हा एकदा वाचावेत.

मामाचा ॲनोडायझिंगचा कारखाना एमआयडीसीत, लोखंडाच्या भट्ट्यांच्या मागच्या गल्लीत. ॲनोडायझिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, शिक्षिका आहे, राहवत नाही. ॲल्युमिनियमला हवा लागली की त्याच्यावर आपोआप ऑक्साइडचा एक थर धरतो आणि तोच आतल्या धातूला जपतो. पण हा थर फार पातळ. मग खिडक्या-दारांच्या पट्ट्या, ज्यांना सगळे सेक्शन म्हणतात, त्या धुऊन सल्फ्युरिक ॲसिडच्या टाकीत टांगायच्या आणि त्यांच्यातून वीज सोडायची. थर जाड होत जातो. तो वरून फासलेला नसतो, धातूतूनच उगवलेला असतो, म्हणून त्याचे रंगासारखे पोपडे निघत नाहीत. त्या थराला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात. छिद्रांमध्ये हवा तो रंग भरायचा आणि शेवटी उकळत्या पाण्यात बुडवून ती बंद करून टाकायची, की झालं काम. हे काम मामाला जसं यायचं तसं आसपासच्या दोन-चार जिल्ह्यांत कुणाला येत नसेल. छिद्रं नीट बंद झाली का ते बघायला तो खिशातलं शाईचं पेन काढायचा, झटकून एक थेंब सेक्शनवर टाकायचा आणि थोडं थांबून ओल्या फडक्याने पुसायचा. डाग राहिला तर सगळा माल परत टाकीत, मग गिऱ्हाइकाचा ट्रक दारात उभा का असेना. उन्हाळ्यात टाकी तापली की थर भुसभुशीत होतो, म्हणून तो बर्फाच्या लाद्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ॲसिडमध्ये सोडायला लावायचा आणि स्वतः थर्मामीटर घेऊन काठावर उभा राहायचा. हे सगळं मी पाहिलेलं आहे आणि ते मी नाकारत नाही.

पण त्याचं तोंड म्हणजे दुसरी ॲसिडची टाकी होती. जालन्यातल्या मस्तगड भागातल्या एका कापड दुकानदाराने मुलीच्या लग्नासाठी दुकान आणि वरचं घर नव्याने सजवलं. मामाकडून सोनेरी खिडक्या करून घेतल्या, बसवल्या, आणि मग घाईघाईत भिंतींना चुना मारला. आपल्याकडे हे असंच चालतं, खिडक्या आधी आणि चुना नंतर, कारण मंडप दारात येईपर्यंत चुन्याचं कुणाला सुचतच नाही. चुन्याचे शिंतोडे खिडक्यांवर उडाले आणि ते कुणी दुसऱ्या दिवशीपर्यंत पुसले नाहीत. हा थर ऊन सोसतो, पाऊस सोसतो, पण ओला चुना त्याला खाऊन टाकतो. सोनेरी चौकटींवर पांढरे चट्टे उठले आणि दुकानदार तक्रार घेऊन कारखान्यात आला. मामाने त्याचा मुलगा आणि व्याह्यांकडचा एक माणूस यांच्या देखत त्याला सांगितलं की चुन्याचा गोळा गालात धरून रातभर झोपा, सकाळी खिडकीला काय झालं ते तुमचं तुम्हाला कळेल. बिचारा लग्नघरचा माणूस मान खाली घालून गेला. मामाचं म्हणणं चूक नव्हतं. तो बहुतेक वेळा बरोबरच असायचा आणि समोरच्याला दाताखाली धरूनच बरोबर असायचा. सेक्शनला ओरखडा गेला तर त्या दिवशी त्याला जेवण गोड लागत नसे. माणसाला ओरखडा गेला तर त्याला पत्ताही लागत नसे, असं मी पूर्वी म्हणायचे. आता तसंही म्हणवत नाही, कारण त्याला सगळा पत्ता होता.

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, केदारखेड्याहून जालन्याला मामानेच आणलं. भावाभावांत शेताचे तुकडे होत होते आणि मायला, म्हणजे माझ्या आईला, शहरात राहायचं होतं. तिचा तर भावावर देवासारखा विश्वास. मामाने अण्णांना ॲसिडच्या टाकीवर लावलं, घरचा माणूस म्हणून मुख्य टाकीवर, याचंही मायला फार कौतुक होतं. टाकीत वीज चालू असली की सोड्याच्या बाटलीसारखे बारीक बुडबुडे वर येत राहतात. ते फुटतात आणि ॲसिडचा तुषार हवेत उडतो. नाकाला झिणझिण्या येतात, घशात खवखवतं. अण्णांच्या सदऱ्यांना छातीवर चाळणीसारखी भोकं पडायची आणि माय दुपारी बसून ती रफू करायची. सदऱ्याचं जे होतं ते तोंडाचं होईल, असं मात्र तिच्या कधी मनात आलं नाही. त्यात अण्णा बोलके. सेक्शन टांगताना, उतरवताना त्यांची बडबड चालू, बोलायला कुणी नसलं की भजन चालू. तोंड मिटून काम करणं त्यांना जमलंच नाही.

आधी त्यांना गार पाणी झोंबायला लागलं. मग पुढच्या दातांच्या कडा पातळ झाल्या, काचेसारख्या, आणि वर्षागणिक दात आखूड होत गेले. खालचे तर हिरडीपर्यंत झिजले. अण्णा तंबाखू खायचे, गावाकडे सगळेच खातात तसे. मामाने ते बरोबर हेरलं. एका राखीपौर्णिमेला आमच्या घरी जेवायला बसला असताना तो मायसमोर म्हणाला, "दाजी, तंबाखू सोडा. माझे दात बघा. जल्मात चिमूट लावली न्हाई." आणि हसला. मामाचे दात खरंच देखणे होते, पांढरे, एका ओळीत, आणि त्याला ते दाखवायची हौसही होती. मायने त्या दिवशी ताट बाजूला सारलं, मला अण्णांसमोर बसवलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून त्यांना शपथ घ्यायला लावली. अण्णांनी घेतली. पुडी आणि चुन्याची डबी चुलीत टाकली. डबीच्या पत्र्याचा वास मला अजून आठवतो.

दात मात्र झिजतच राहिले. इथून आमच्या घराची जी दशा झाली ती मी या लेखाच्या आधी कुणाला सांगितली नव्हती. मायच्या दृष्टीने हिशेब सरळ होता. तंबाखूने दात जातात, दात जात आहेत, म्हणजे हा माणूस पोरीच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलला आणि कारखान्यात चोरून खातो. ती त्यांचे खिसे उलटे करायची, सदरा धुण्याआधी हुंगायची. मला कावीळ झाली तेव्हा ती अण्णांना म्हणाली की तुमच्या चिमटीपायी माझी पोर जाईल. अण्णा शपथेवर शपथ घ्यायचे, पण पहिलीच शपथ मोडली असं ठरलेल्या माणसाच्या पुढच्या शपथांना काय किंमत असणार... हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. टाकीवर भजन म्हणणारा माणूस घरात हातवारे करून पाणी मागायचा. हसायची वेळ आली तर तोंडावर उपरणं धरायचा.

मामाने अण्णांना स्वतः दाताच्या डॉक्टरकडे नेलं. ही गोष्ट तुम्ही मामावरच्या एका लेखात वाचलीच असेल, मालक असून कामगाराला आपल्या गाडीत दवाखान्यात नेणारा माणूस म्हणून. गाडीत मागे मीही होते. डॉक्टर तरुण होते, त्यांनी तोंड बघितलं आणि पहिला प्रश्न विचारला तो काय काम करता हा. अण्णांनी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाला, "काम काय, माझ्याकडंच देखरेख करत्यात. तंबाखूची सवय हाये बघा जुनी." डॉक्टरांनी मान हलवली आणि तंबाखूवर भाषण दिलं. अण्णा खाली बघत ऐकत होते. बाहेर आल्यावर मी कवळीचं विचारलं तर मामा म्हणाला, दाढा शाबूत आहेत ना, मग कवळी कशाला, या वयात तोंडात परकी वस्तू कुणाला सोसते.

पुढे मी बी.एस्सी. केलं, रसायनशास्त्रात, आणि मामाच्याच कारखान्यात टाक्यांमधलं ॲसिड तपासायच्या कामाला लागले. तिथे मला दिसलं की टाकीवरच्या दुसऱ्या माणसाचेही पुढचे दात तसेच आखूड आहेत, आणि तो माणूस माळकरी, पानसुपारीलाही न शिवणारा. ॲसिडच्या तुषाराने दात झिजतात हे पुस्तकात लिहिलेलं होतं, त्यात माझं काही मोठं संशोधन नव्हतं. मी मामाला त्याच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं. टाकीच्या काठाने हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा बसवता येतो, तोवर निदान ॲसिडवर प्लास्टिकचे पोकळ चेंडू तरंगत ठेवता येतात, म्हणजे तुषार कमी उडतो. आणि मुख्य म्हणजे, एकदा घरी येऊन मायला एवढंच सांगा की हे टाकीमुळे आहे. मला पंख्यापेक्षा ते हवं होतं. मामा शांतपणे ऐकून घेत होता. मग पेनाचं टोपण लावत म्हणाला, "तुझ्या बापाचे दात तंबाखूनं गेले. टाकीचं नाव परत काढशील तर उद्यापासनं दोघंबी घरी बसा." मी अण्णांकडे गेले, तर ते म्हणाले की जाऊ दे बाई, आपल्याला घर चालवायचं आहे. मी नोकरी सोडली, बी.एड. केलं आणि शाळेला लागले. अण्णा निवृत्त होईपर्यंत त्याच टाकीवर होते.

मायला मी सांगून पाहिलं नाही असं नाही. पुस्तक उघडून दाखवलं. ती म्हणाली, "माझा भाऊ खोटं बोलंल व्हय? तो रोज त्याच कारखान्यात असतो. त्याचे दात बघ की." मी पुस्तक मिटलं. तिच्या शेवटच्या आजारात अण्णा दिवसभर उशाशी बसून असायचे. एकदा दुपारी ती मला ऐकू येईल अशा आवाजात त्यांना म्हणाली, "आता तरी खरं सांगा. म्या काई म्हननार न्हाई." अण्णा म्हणाले, "न्हाई खाल्ली गं. सोडल्यापासनं एकबी न्हाई." तिने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर ती फार दिवस नव्हती आणि त्या दोघांत तो विषय पुन्हा निघाला नाही. मामाला माझ्याशी कसंही वागायचा हक्क होता असं एक वेळ मान्य करेन. तो मालक होता, मोठा होता. पण मरणाऱ्या बहिणीच्या मनातलं एवढं एक काढून टाकायला त्याला एक वाक्य पुरलं असतं, आणि तो त्या आजारपणात रोज येत होता, सफरचंदं घेऊन.

मामाची शोकसभा उद्योजकांच्या सभागृहात झाली. त्याच्या मित्रांपैकी एक बियाण्याचे व्यापारी बोलले, कडक पण प्रेमळ वगैरे. दवाखान्याची गोष्ट त्यांनीच सांगितली. मग कुणीतरी अण्णांना बोलायचा आग्रह केला. अण्णा उभे राहिले, तोंडावर उपरणं धरलं आणि म्हणाले की दत्तूने आमाला शहरात आनलं, पोर शिकली, त्याचे उपकार हायेत. लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत बसून त्या उपरण्याकडे बघत होते आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

तेरावा झाल्यावर काही दिवसांनी मामीने मला बोलावून घेतलं. मामी गरीब स्वभावाची, मामासमोर तिचा आवाज मी फारसा ऐकलेलाच नाही. तिने मला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि कपाटातून प्लास्टिकची एक डबी काढली. "सुरेखा, कपडे दिले, चपला दिल्या, छत्री दिली," ती म्हणाली. "हे कुनाला देऊ? टाकवत बी न्हाई." दवाखान्यात शेवटी नर्सने तिच्या हातात दिलेली मामाची कवळी होती. वरचे आणि खालचे दात, पांढरे, एका ओळीत. मामी सांगत गेली. लग्नाआधी मामा नाशिककडे एका कारखान्यात टाकीवर कामाला होता. तिथे त्याचे पुढचे दात गेले, उरलेले काढून टाकावे लागले आणि मामीला बघायला जाण्याआधी त्याने कवळी बसवून घेतली. मामीला ते लग्नानंतर पुष्कळ दिवसांनी कळलं. कुणाला बोलायचं नाही असा त्याचा दम होता, स्वतःच्या बहिणीलाही नाही. मी विचारलं, दात कशाने गेले ते त्यांनी सांगितलं होतं का. मामी म्हणाली, "टाकीनं खाल्ले म्हनायचे. आन काय."

म्हणजे आमच्या घरी जेवताना जे दाखवले ते हे होते. मायने ज्यांच्यावर विश्वास ठेवला ते हे होते. गेलेल्या माणसावरचा राग निवतो असं सगळे म्हणतात. माझा त्या खोलीत दुप्पट झाला. इतकी वर्षं मी समजत होते की मामा हट्टी आहे, कंजूष आहे, त्याला पुस्तकातलं पटत नाही. त्याला पुस्तकाची गरजच नव्हती. स्वतःच्या हिरड्यांवरून जीभ फिरवली की त्याला सगळं कळत होतं. मामीकडून ती डबी मी मागून घेतली. प्रशांतला त्याच दिवशी तोंडावर सांगितलं आणि पंख्याचं विचारलं. तो म्हणाला, बघू ताई, जरा सावरू द्या. पंखा अजून बसलेला नाही. टाकीवर आज जी माणसं उभी आहेत त्यांनी हे वाचावं आणि आपापले दात आरशात बघावेत, म्हणून मी इथे लिहिते आहे. त्यांच्यापैकी कुणी तंबाखू खात असेल तर त्याने आत्ताच सावध व्हावं, उद्या सगळं त्या चिमटीवर ढकललं जाईल.

अण्णांना सांगावं की नाही हे मला ठरवता येईना. डबी काही दिवस माझ्या पर्समध्येच राहिली, शाळेत माझ्याबरोबर जायची आणि यायची. शेवटी एका रविवारी सकाळी चहा झाल्यावर मी ती त्यांच्यासमोर ठेवली आणि मामीने सांगितलं तसं सगळं सांगितलं. अण्णांनी कवळी बाहेर काढली, खिडकीशी नेली आणि उजेडात वळवून वळवून बघितली, टाकीतून निघालेला माल बघायचे तशी. "मला दवाखान्यात नेलं तवा तोंडात हेच व्हतं का?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी ती परत डबीत ठेवून झाकण लावलं. त्यांनी मामाला शिव्या द्याव्यात असं मला फार वाटत होतं, मी तर त्याच तयारीने बसले होते. त्यांनी मात्र मला विचारलं की कोपऱ्यावरची टपरी उघडली असेल का. काय आणू म्हटलं, तर म्हणाले, "तंबाखू. आन चुना."

मी आणून दिलं. अण्णांनी तळहातावर तंबाखू घेतली, चुना लावला आणि अंगठ्याने मळली. अंगठा काही विसरलेला नव्हता. दोन थापा मारून भुकटी उडवली आणि ते उठून आतल्या खोलीत गेले, मायच्या फोटोसमोर. मी दाराशी उभी होते. त्यांनी उपरणं खांद्यावरून काढून खुर्चीवर टाकलं आणि तळहात फोटोपुढे धरला, तिला नीट दिसावं तसा.

"ही पहिली," अण्णा म्हणाले. "सोडल्यापासनं ही पहिली."

आणि चिमूट ओठात धरली.